जागा घ्यायची तर आधी उतरायला शिका

गाणं जसंच्या तसं वाजवता येतं, पण भजनात बुवांनी पेटीकडे बघून मान हलवली, किंवा गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गायक पाणी प्यायला थांबला, की बोटं जागच्या जागी गोठतात. हे लिखाण अशांसाठी आहे. अशा मोकळ्या वेळी आयत्या वेळी सुचलेला छोटा तुकडा वाजवणं म्हणजे जागा घेणं, आणि तो संपवून गाण्यावर वेळेत परतणं म्हणजे उतरणं. पट्टी बदलता येते, कोमल-तीव्र कळतं, केरवा ओळखता येतो, एवढं मी धरून चालतो. ते येत नसेल तर आधी ते करून या.

आणि एक सल्ला आताच डोक्यातून काढा: "पाच-सहा स्केल पाठ करा, मग मनाला येईल ते वाजवा." असं सांगणाऱ्याला एकदा साथीला बसवून बघा. स्केल पाठ असलेली माणसं बेळगावात गल्लोगल्ली आहेत. मुखड्यावर, म्हणजे गाण्याच्या फिरून फिरून येणाऱ्या पहिल्या ओळीवर, वेळेत परतणारी मोजकीच.

सुरुवातीला आठ मात्रांतलं, झोपेतही चुकणार नाही असं एकच गाणं घ्या. अभंग उत्तम.

मग चालीतलेच सूर ठेवा, फक्त लय हलवा. एक सूर लांबवा, दुसरा दोनदा वाजवा, एखादा गाळा. नवीन सूर अजून नको.

जे वाजवाल ते तोंडाने म्हणा. जे म्हणता येत नाही ते बोटांच्या सवयीतून आलेलं असतं, त्यात तुमचं काही नसतं.

आता अवघड भाग. माझी सगळ्यात जास्त रखडपट्टी इथे झाली, आणि शिकवणारे नेमकं हेच एका वाक्यात उरकतात: "समेवर या." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. तिथे यायचं कसं, ते कोणी सांगत नाही.

जागा पुढून मागे रचायची नाही, मागून पुढे रचायची. मुखडा वाजवा, मग एक आख्खं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) गप्प बसा, पायाने मात्रा मोजा, पुन्हा मुखडा. हे गप्प बसणं जमत नसेल तर पुढे जाऊ नका. जमलं की त्या रिकाम्या आवर्तनाच्या फक्त शेवटच्या दोन मात्रा भरा, मुखड्याच्या पहिल्या सुराला चिकटतील अशा. त्यानंतर शेवटच्या चार, मग सहा, मग सगळं आवर्तन. शेवट बोटांत पक्का बसला की सुरुवात कुठूनही करा, उतरणं चुकत नाही. बहुतेक जण उलटं करतात. पहिल्या मात्रेपासून जोरात सुटतात, सहाव्या मात्रेला सूर संपतात आणि मग मुखडा सापडेपर्यंत सगळं मंडळ त्यांच्या तोंडाकडे बघत बसतं.

इथे एक खड्डा आहे. मुखडा दर वेळी समेपासून सुरू होत नाही. तो पाचव्या मात्रेवरून उठत असेल तर तुमची जागा चौथ्या मात्रेवरच संपली पाहिजे. समेची वाट बघत बसाल तर गायकाच्या शब्दांवर चढाल. म्हणून प्रत्येक गाण्याचा मुखडा कुठल्या मात्रेवरून उठतो ते आधी बोटांवर मोजून ठेवा.

तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, हवीच असेल तर साधी घ्या. समेपासून मात्रेला एक सूर धरून "सा रे ग, सा रे ग, सा रे ग" वाजवा. नऊ सूर होतात आणि शेवटचा ग बरोबर पुढच्या समेवर पडतो. समेवर ग सोडून वेगळा सूर येत असेल तर तीन सुरांचा तुकडा त्या सुरावर संपेल असा बदला. पण दर कडव्याला तिहाई घेऊ नका. ऐकणाऱ्याला दुसऱ्याच वेळी कंटाळा येतो.

पखवाजवाला लग्गीला, म्हणजे भरभर बोलांना, लागला की नवशिक्याची मोजणी तुटते, कारण तो पखवाज मोजत असतो. टाळ मोजा की! पखवाज कितीही धावला तरी टाळ आपल्या जागी असतो. आणि कधी गप्प बसायचं हे शिकायचं असेल तर रामभाऊ विजापुऱ्यांची (1917–2010) पेटी ऐका. आपल्या बेळगावातच त्यांनी आयुष्यभर शिकवलं.

एवढं हातात आलं की बाकीचे प्रकार फार त्रास देत नाहीत. प्रत्येकात उतरायचं ठिकाण तेवढं वेगळं असतं.

नाट्यपदात राग सोडू नका, आणि गायकाची तान संपल्यावर तिची शेपटी तेवढी उचला. प्रकार मिसळण्यावरून नाकं मुरडणाऱ्यांना सांगा, संगीत नाटक रुजवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांनी साकी-दिंडीसारख्या मराठी पद्यांच्या चालींबरोबर हिंदुस्थानी आणि कानडी चाली बिनदिक्कत घेतल्या.

लावणीत ढोलकीचा तोडा चालू असताना हात पेटीवरून काढून मांडीवर ठेवा. तुमची पाळी तोड्यानंतर.

सिनेमाच्या गाण्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतो तो क्षण समेइतकाच महत्त्वाचा. समजा सा मायनर, कोमल ध मेजर, कोमल नी मेजर आणि पुन्हा सा मायनर असा फेरा आहे. हा सारखा भेटतो. आधी प्रत्येक कॉर्डला एकच सूर धरा: कोमल ग, कोमल ग, रे, सा. पहिल्या दोन कॉर्डमध्ये कोमल ग आहेच, तिसऱ्यात रे आहे. हे चार सूर झोपाळलेले वाटले तरी आठवडाभर तेवढेच वाजवा, मग मधली जागा भरा. भरतानाही कॉर्ड बदलताना त्याच सुरांवर या. कीबोर्डवाले इथे धावपळ करून रे चुकवतात आणि पीस "कुठेतरी बिघडला" असं वाटत राहतं.

ब्लूज या अमेरिकन प्रकाराला लोक उगाच घाबरतात. धानी रागाचे सूर तुम्हाला येतातच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. त्यात तीव्र म जाता-जाता लावा, त्यावर मुक्काम करू नका. बारा बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचा गट) फेऱ्यात कॉर्डचा हिशोब असा: सा चार, म दोन, सा दोन, प एक, म एक, सा दोन. खाली सा च्या कॉर्डमध्ये शुद्ध ग असतो आणि वर तुम्ही कोमल ग लावता. ते घासणं मुद्दाम आहे, चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका. पेटीवर सूर ओढता येत नाही, तर शुद्ध ग च्या आधी कोमल ग ला नुसता स्पर्श करा. इथे धानीचे नियम मात्र बाजूला ठेवा. उतरायचं ठिकाण शेवटच्या दोन बारमधला सा. नववा बार चुकला की सगळा फेरा चुकतो, म्हणून प वर येताना डोळे बेसवाल्याकडे ठेवा.

सराव फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर सगळं चांगलंच वाटतं.

शेवटी माणसांत वाजवा. खोलीत ॲपच्या तबल्याबरोबर वाजवलेली जागा मंडळात निम्मीच लागते, कारण ॲप तुमच्यासाठी थांबत नाही आणि पुढेही पळत नाही. माणूस दोन्ही करतो. गल्लीतल्या एखाद्या भजनी मंडळात गुरुवारी जाऊन बसा, पहिले काही आठवडे फक्त सूर धरा, आणि बुवांनी मान हलवली की शेवटच्या दोन मात्रा तेवढ्या घ्या.