मराठवाड्यात राहून नृत्य, नाटक आणि चित्रकलेसाठी संगीतरचना कशी करावी

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या सात अध्यायांपैकी शेवटचा संपूर्ण अध्याय नर्तनाचा आहे. गायन, वादन आणि नर्तन यांचा एकत्र विचार ज्या भूमीत ग्रंथबद्ध झाला, तेथील तरुण संगीतकाराला इतर कलांसोबत काम करण्यासाठी पुण्या-मुंबईच्या परवानगीची गरज नाही. गरज आहे ती एका अभ्यासाची: प्रत्येक कला काळ निराळ्या रीतीने मोजते आणि ती मोजणी त्या त्या कलेच्या तालमीत बसूनच शिकावी लागते.

रागसंगीताची पक्की तालीम हा पाया गृहीत धरतो. त्याला स्वरलेखनाची जोड अवश्य द्यावी. स्वतः गाणाऱ्याला बंदिश मनात ठेवून चालते. परंतु जी रचना बासरीवादक, पखवाजी आणि चार गायक मिळून सादर करणार आहेत, ती भातखंडे पद्धतीने, म्हणजे स्वर आणि मात्रा अक्षरांत व चिन्हांत लिहिण्याच्या रूढ पद्धतीने का होईना, कागदावर स्वच्छ उतरलेली असली पाहिजे.

यानंतर तालमी शोधाव्यात. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, तसेच कथक आणि ओडिसीचे शिक्षण देणारे महागामी गुरुकुल आहे. नांदेड, लातूर, परभणी येथे राज्य नाट्य स्पर्धेच्या सुमारास हौशी संस्थांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. पहिले काही दिवस तेथे काहीही न वाजवता नुसते बसावे आणि नट कोठे श्वास घेतो, नर्तिका कोणत्या पायावर वळते, दिग्दर्शक कोणत्या जागी वारंवार थांबवतो, याची वहीत नोंद करावी. घरी बसून तयार केलेला ट्रॅक पेन ड्राइव्हमध्ये नेऊन देणे याला मी सहकार्य मानत नाही, मग तो ट्रॅक कितीही सुरेल असो.

नृत्यासाठी रचना करताना हिशेब अगदी मात्रेपर्यंत करावा लागतो. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून सुरू होणारी तिहाई (तोच तुकडा तीनदा) पाच मात्रांच्या तुकड्याची असेल आणि मध्ये एकेक मात्रेचा दम, म्हणजे विराम असेल, तर ५+१+५+१+५ अशा १७ मात्रा होऊन शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर पडतो. हे संगीतकाराला ठाऊकच असते. परंतु नर्तिकेला विंगेतून रंगमंचाच्या मध्यावर येण्यास बारा सेकंद लागतात, हे तालमीत बसल्याशिवाय कळत नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, आठ सेकंदांत संपते, म्हणजे तिचा प्रवेश दीड आवर्तनाचा झाला. अशा वेळी लय ८० मात्रांवर आणून बारा सेकंदांचे एक आवर्तन करता येते, किंवा लय तीच ठेवून दोन आवर्तने देता येतात आणि उरलेले चार सेकंद तिला स्थिर उभे राहण्यास सांगता येते. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो, कारण त्या स्थिरतेत अभिनयाला जागा मिळते. मात्र हा निर्णय संगीतकाराने एकट्याने घेऊ नये.

नाटकात काळ रोज बदलतो. प्रेक्षक हसले की संवाद लांबतो. म्हणून पार्श्वसंगीत ठरावीक लांबीचे न बांधता लेहऱ्यासारखे, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणाऱ्या सुरावटीसारखे, एका आवर्तनाचे बांधावे, ते कितीही वेळा फिरावे आणि संहितेतील नेमक्या कोणत्या शब्दावर बाहेर पडायचे, हे वादकाच्या किंवा ध्वनिसंयोजकाच्या प्रतीत अधोरेखित करावे. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन एकमेकांत असे मुरले होते की, नटांची ती प्रसिद्ध मानवी भिंत एकाच वेळी नेपथ्य, नर्तकवृंद आणि गायकवृंद ठरली. एकत्र बसून काम केल्याशिवाय असे काही घडत नाही.

याच्या नेमकी उलट वाटही आहे. अमेरिकेत संगीतकार जॉन केज आणि नर्तक मर्स कनिंगहॅम यांनी संगीत व नृत्य फक्त एकूण कालावधी ठरवून स्वतंत्रपणे रचले आणि दोन्ही प्रयोगाच्या वेळीच एकत्र आणले. ती वाट जरूर अजमावावी, पण एकमेकांच्या कलेचा दीर्घ सहवास घडल्यानंतर.

चित्रप्रदर्शनातील संगीताला आरंभ आणि शेवट नसतो. प्रेक्षक कधीही आत येतो. तेथे वेगवेगळ्या लांबीचे थर वापरावेत. तंबोऱ्यावरील आलाप सात मिनिटांचा आणि टाळांचा थर अकरा मिनिटांचा ठेवून दोन्ही सतत फिरवले, तर तीच जुळणी पुन्हा यायला ७७ मिनिटे लागतात. जागेचा नादही आधी ऐकावा. वेरूळच्या दहाव्या, म्हणजे ‘सुतार की झोपडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात स्वर कमानदार छताखाली रेंगाळतो. अशा वास्तूत द्रुत ताना एकमेकींत मिसळून जातात आणि सावकाश मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, खुलते. संरक्षित स्मारकात कार्यक्रम करावयाचा असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते.

गोंधळी, आराधी, भारुडकार यांच्यासोबत काम करणे ही मराठवाड्यातील संगीतकाराची मोठी संधी आहे आणि तेवढीच मोठी जबाबदारीही. संबळ नुसता रंग भरण्यासाठी बोलावू नये. संबळवादकाला रचनेच्या पहिल्या बैठकीपासून सामील करावे, त्याचा ठेका तबल्याच्या मापात कोंबू नये, शास्त्रीय वादकाइतकीच बिदागी द्यावी आणि पत्रिकेत त्याचे नाव तेवढ्याच अक्षरात छापावे.

व्यवहाराबाबत संकोच बाळगू नये. केवळ रचनांवर घर चालण्यास बरीच वर्षे जातात, त्यामुळे शिकवण्या चालू ठेवाव्यात. मानधनाचा काही भाग काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावा. करार लेखी असावा आणि त्यात संगीत किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या माध्यमात वापरले जाणार, हे स्पष्ट असावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरणपत्रात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाल्यास त्याच्या स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) वाटा २०१२च्या दुरुस्तीने संगीतकाराला राखून दिला आहे. ते वसूल होण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व घ्यावे.

केंद्रीय संस्कृती मंत्रालय तरुण कलाकारांना शिष्यवृत्ती आणि त्यापुढील वयोगटांना कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) देते. वयाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहून घ्याव्यात आणि अर्जासाठी प्रत्येक प्रयोगाचे ध्वनिचित्रमुद्रण, स्वरलेखन, पत्रिका आणि सहकलाकारांची नावे तारखेनुसार लावलेल्या एका फायलीत पहिल्या प्रयोगापासूनच जपून ठेवावीत.