किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायला निघण्यापूर्वी

कॅमेऱ्याची बॅग नंतर भरा, आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. पूर्ण ओहोटीला चिखल्या, तुतवार, सँडरलिंग (लाटांच्या कडेने पळणारा छोटा पांढुरका पक्षी) ओल्या वाळूवर लांबवर पांगलेले असतात आणि ६०० मिलिमीटरच्या लेन्समधूनही त्यांचे ठिपकेच दिसतात. भरती चढू लागली की त्यांची खाण्याची जागा आक्रसत जाते आणि ते पाण्याबरोबर वर सरकत येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागेवर पोहोचलेलं बरं. बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे आज ज्या वेळेला भरती आहे त्याच वेळेला आठवड्याने जवळजवळ ओहोटी असते. सकाळचं कोवळं ऊन आणि चढतं पाणी एकत्र मिळणारे दिवस त्यामुळे मोजकेच. ते शोधून आधीच खूण करून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वाळूचा पट्टा फारच अरुंद होतो. पक्षी जवळ येतात खरे, पण त्यांना टेकायला जागाच उरलेली नसते. तेव्हा आपण नेहमीपेक्षा मागे राहायचं.

वाऱ्याकडे बरेच जण लक्ष देत नाहीत, मला मात्र तो उन्हाइतकाच महत्त्वाचा वाटतो. हे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, उडतात वाऱ्याकडे तोंड करूनच आणि उतरतानाही वाऱ्याला सामोरे जातात. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीमागून असतील तर चेहरे, डोळे, पसरलेले पंख सगळं तुमच्याकडे येतं. किनारा कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे नकाशावर पाहून सकाळ की संध्याकाळ ते घरीच ठरवा.

सामान थोडकं ठेवा. ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स घरूनच कॅमेऱ्याला लावून न्या. वाळूत लेन्स बदलायची नाही. चार्ज केलेल्या बॅटऱ्या, रिकामी कार्डं, लेन्सला हूड. पोटावर झोपण्यासाठी जुनी चटई आणि कॅमेरा टेकवायला बीन बॅग (दाणे भरलेली छोटी पिशवी) लागेलच, कारण पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर उतरल्याशिवाय मागची वाळू आणि पाणी मऊ, धूसर दिसत नाही. सोबत गोड्या पाण्याची बाटली, दोन मऊ फडकी, वाळू उडवायला ब्लोअर.

सेटिंगही घरीच लावून ठेवा. शटरचा वेग धावत्या पक्ष्याला १/१६०० सेकंद, उडत्याला १/२५०० किंवा त्याहून जलद, अॅपर्चर एफ ५.६ ते ८, आयएसओ ऑटो, फोकस सतत. उजळ वाळूमुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा. पण सँडरलिंगच्या पांढऱ्याशुभ्र पोटावरचे बारकावे उडत नाहीत ना, हे हिस्टोग्रामवर (फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आलेखावर) पाहत राहा.

सँडरलिंग म्हणजे या किनाऱ्याचा जीव. लाट मागे फिरली की तिच्या पाठोपाठ पळत ओल्या वाळूत चोच खुपसायची, पुढची लाट आली की तिच्या पुढे पळायचं. पायाला मागचं बोटच नाही. थवा किनाऱ्याने एका दिशेला सरकत असतो. ती दिशा ओळखा, लांबून वळसा घालून पुढे जा, आडवे व्हा आणि वाट पाहा. हलला नाहीत तर ते स्वतः जवळ येतात. मागून पाठलाग करून मिळतात ते फक्त पाठमोरे फोटो.

आणि त्यांना उडवू नका, ही गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. २०२२ मध्ये ट्रान्समीटर लावलेला एक बार-टेल्ड गॉडविट (लांब चोचीचा किनाऱ्यावरचा स्थलांतरित पक्षी) अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर न थांबता उडाला. अशा प्रवासाची शिदोरी म्हणजे या वाळूत टिपून अंगावर चढवलेली चरबी. खाणं थांबलं, माना ताठ झाल्या, सगळे एकाच दिशेने चालू लागले की तुम्ही फार जवळ आलात. थांबा किंवा मागे सरका. एका पायावर चोच पिसांत खुपसून विसावलेल्या थव्याजवळ तर जाऊच नका. विणीच्या हंगामात कोरड्या वाळूवरून चालणं टाळा, चिखल्याची अंडी वाळूच्याच रंगाची असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पंख मोडल्यासारखा करून एखादा चिखल्या तुमच्यापुढे फरफटू लागला, तर पिल्लं किंवा घरटं जवळच आहे. फोटो न काढता आल्या वाटेने परत फिरा.

ऊन चढलं की तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि जमिनीलगतचा एकही फोटो धड येत नाही, तेव्हा आवरतं घ्या. भरतीत आपल्या मागच्या सखल भागात पाणी शिरत नाही ना, याकडेही लक्ष असू द्या. पायात रंगीत कडी किंवा झेंडी दिसली तर तिच्यावरची अक्षरं वाचता येतील असा एक फोटो जरूर घ्या आणि पक्ष्यांना कडी लावणाऱ्या संस्थेला जागा व तारखेसह कळवा.

घरी आल्यावर कॅमेरा-लेन्स आधी ब्लोअरने, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. वाळू झटकण्याआधी पुसलंत तर काचेवर चरे पडतात. ट्रायपॉड नेला असेल तर पाय उघडून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच मिटवा.