‘कॉपी झाली’ म्हणून कार्ड पुसू नका: पेनड्राईव्ह आणि डिस्कच्या या चुका टाळा

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराई सुरू झाली की एक वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं: “दादा, सगळं दाखवायलंय की, पण उघडंना.” मी पेनड्राईव्ह हातात घेतो आणि आधी एकच विचारतो, “केवढ्याला घेतला?”

तुळशीचं लग्न उरकलं आणि जिंतूरकडचा एक पोरगा आला. नवा नवा शूटिंगवाला. हातात एक टीबीचा पेनड्राईव्ह, बाजारातून साडेचारशेला घेतलेला. लग्नाच्या शूटिंगचं, कॅमेऱ्याच्या दोन मेमरी कार्डांतलं सगळं त्यानं त्यात टाकलं होतं. स्क्रीनवर हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली आणि यानं त्याच रात्री एक कार्ड पुसून दुसऱ्या दिवशी दुसरीकडं साखरपुडा शूट केला. क्लिपची नावं जागेवर, साईज बरोबर, तारीखही बरोबर. हळद स्वच्छ दिसली. लग्नाची क्लिप लावली तर अंतरपाट धरलेला, मामा मुलीला घेऊन उभे, आणि तिथंच चित्र थिजलं. पुढची एकही क्लिप उघडली नाही.

हा प्रकार कसा होतो ते एकदा नीट समजून घ्या. आत चिप असते ३२ जीबीची. पण पेनड्राईव्हचा कंट्रोलर, म्हणजे चिपचा कारभार बघणारा भाग, कॉम्प्युटरला सांगतो, मी एक टीबीचा. ३२ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यापुढं आलेला डेटा हवेत जातो, नाहीतर जुन्यावरच लिहिला जातो. फायलींची यादी मात्र सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावं आणि साईज शाबूत दिसतात. दुकानाच्या पाटीवर किराणा-भुसार आणि आत रिकामी पोती, तशातला प्रकार. तिथून काही परत मिळत नाही, कारण ते कधी लिहिलंच गेलेलं नसतं. न पुसलेल्या कार्डावरून त्याची वरात आणि जेवणावळ निघाली. मंगलाष्टकं गेली. मुलीच्या वडिलांना काय सांगितलं, ते मी त्याला विचारलं नाही.

माझी सवय सांगतो. नवीन पेनड्राईव्ह किंवा कार्ड आलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू हा फुकटचा प्रोग्रॅम लावतो. तो सगळी जागा भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. मोठ्या ड्राईव्हला रात्रभर लागते, लागू द्या. नंतर माल दोन हार्ड डिस्कवर जातो. मग शेवटची क्लिप उघडायची, ओढत शेवटच्या मिनिटाला न्यायची आणि बघायची. पार्टीनं माल बघितल्याशिवाय माझ्याकडं कार्ड पुसलं जात नाही. लोक हसतात. हसू द्या.

चार जीबीपेक्षा मोठी फाईल पेनड्राईव्हवर जात नसेल तर तो खराब नाही, फॅट३२ नावाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे. आतलं काढून ठेवा आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट मारा. २५ जीबीची ब्लू-रे डिस्क (डीव्हीडीसारखीच, पण जास्त मावणारी) कॉम्प्युटरवर २३.३ दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो.

आता ब्लू-रे. गंगाखेडच्या एका गुरुजींना मुलानं अमेरिकेहून जंगलाच्या माहितीपटाची ब्लू-रे पाठवली. गुरुजींनी ती कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राईव्हमध्ये घातली. डिस्क फिरली, घरघरली, बाहेर आली. डीव्हीडीचा लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा निळा-जांभळा ४०५ चा. कितीही पुसली तरी डीव्हीडी ड्राईव्हला ती दिसणारच नाही.

मला न विचारता त्यांनी बाहेरून जोडायचा ब्लू-रे ड्राईव्ह मागवला. तो टकटक करून बंद पडायचा, कारण कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीतून वीज पुरत नव्हती. मागच्या पोर्टला लावला, चालला. मग गुरुजी म्हणाले, “अरे, व्हीएलसी (फुकटचा व्हिडिओ प्लेअर) सगळं लावतं की!” विकतच्या ब्लू-रेवर कॉपी होऊ नये म्हणून एएसीएसचं कुलूप असतं; व्हीएलसी ते नुसतं आपलं आपण उघडत नाही, आणि विंडोजसोबत ब्लू-रे प्लेअर येतच नाही. पैसे भरून प्लेअर घेतला. त्यानं सांगितलं, मॉनिटर चालणार नाही. जुन्या व्हीजीए केबलमधून एचडीसीपी (पडद्याकडं जाणाऱ्या चित्राचं कुलूप) जात नाही, एचडीएमआयसारखी डिजिटल केबल लागते. मॉनिटर बदलला. शेवटी पडद्यावर आलं: रिजन चुकीचा.

मी कव्हर उलटून बघितलं. मागं बारीक षटकोनात ‘ए’. डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी त्याची ही खूण, रिजन म्हणतात ते: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. तीन हजारांचा ड्राईव्ह, वर सॉफ्टवेअर, वर मॉनिटर, आणि फुकटात वाचता येणारं अक्षर सगळ्यात शेवटी. वरातीमागून घोडं ते हेच. तिन्ही अक्षरं असलेल्या डिस्क भरपूर मिळतात, तशी मागवली असती तर हा फेरा टळला असता.

खरं सांगू? नुसते पिक्चरच बघायचे असतील तर टीव्हीला साधा ब्लू-रे प्लेअर लावा. ४के अल्ट्रा एचडी डिस्क कॉम्प्युटरवर लावायचा नाद तर सोडाच. त्याला प्रोसेसरमध्ये इंटेलचं एसजीएक्स नावाचं सुरक्षेचं तंत्र लागतं, आणि ते इंटेलनं ११व्या-१२व्या पिढीत घरगुती प्रोसेसरमधून काढलं. म्हणजे महागडं नवीन मशीन घ्यावं, तर जुन्यावर लागणारी डिस्क त्याच्यावर लागत नाही.

ब्लू-रे लिहिताना सगळ्यात जास्त स्पीड निवडणारे मला कळतच नाहीत. मी ४एक्सवर, म्हणजे मूळ वेगाच्या चौपट वेगानं लिहितो. २५ जीबीच्या पूर्ण डिस्कला साधारण २३ मिनिटं, वर तपासणीची तेवढीच. चहा घेऊन या. आणि इन्व्हर्टर नसेल तर लिहायला बसूच नका. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कला मधेच लाईट गेली की ती भंगार. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहायच्या ब्लू-रेचं उत्पादन बंद केलं, तेव्हा घरचे फोटो वीस वर्षं फक्त डिस्कवरच ठेवीन म्हणणाऱ्यांनी सोबत एक हार्ड डिस्क घ्यावी. एसएसडी मात्र कपाटात वर्षानुवर्षं बिनविजेची टाकू नका, तिच्यातला चार्ज हळूहळू उतरतो.

डिस्कवरची धूळ पुसायची वेळ आलीच तर मऊ कापड मधून कडेकडं सरळ न्या, गोल गोल फिरवू नका. आणि डिस्क स्कूटरच्या डिकीत ठेवून गावभर हिंडू नका. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ आपण कौतुकानं म्हणतो, पण मे महिन्यात दुपारी त्या डिकीत हात घालून बघा.