छोट्या रीफ टँकसाठी ब्रिटल स्टार घेताय? या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे प्रवाळ-खडकांची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि ब्रिटल स्टार म्हणजे तारामाशाचा लांब, बारीक हातांचा नातलग. दुकानात हिरवा ब्रिटल स्टार 'क्लीनर आहे, उरलंसुरलं खातो' असं सांगून गळ्यात मारतात. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. ओफिअरॅक्ना इनक्रसाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. रात्री दिवे गेले की हा हातांच्या टोकांवर उभा राहतो, मधली चकती वर उचलतो आणि खाली तंबूसारखी पोकळी करतो. आडोसा शोधत एखादा मासा आत शिरला की हात पिळले जातात आणि तंबू मिटतो. माझा फायरफिश असाच गेला. सकाळी मासा टाकीत नाही, जमिनीवरही नाही, झाकण जागच्या जागी. मी आठवडाभर फिल्टर उघडून बघत बसलो, आणि हिरवे महाराज खडकाखाली निवांत. 'पोटभर घातलं तर शिकार करत नाही' असंही ऐकाल. त्यावर विसंबू नका. शिवाय पूर्ण वाढला की त्याचा पसारा दीड फुटाच्या आसपास जातो. दोन फुटी टाकीत तो ठेवायचा कुठे?

तेव्हा आधी रंग बघा, मग काटे. हात गुळगुळीत तो सर्पंट स्टार, काटेरी तो ब्रिटल, असा आपला ढोबळ हिशोब. पण या हिरव्यालाही सर्पंट म्हणून विकतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. छोट्या टाकीला मी कॅरिबियनमधले ओफिओडर्मा जातीचे गुळगुळीत हातांचे सर्पंट किंवा आपल्या बाजूच्या समुद्रातला गडद पट्ट्यांचा ओफिओलेपिस सुपर्बा सुचवेन. मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा त्यांनाही वर्ज्य नाही, पण धडधाकट माशाच्या वाटेला ते सहसा जात नाहीत. स्पंजला बिलगून राहणारा ओफिओथ्रिक्स सुएनसोनी दिसायला फार देखणा. मोह आवरा. तो पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर जगतो आणि आपल्या लख्ख टाकीत हळूहळू उपाशी मरतो.

विकत घेताना एखाद्या हाताचं टोक तुटलेलं असेल तर बिनधास्त घ्या. हात पुन्हा वाढतो. नवं टोक बारीक आणि फिकट दिसतं. चकतीवर पांढरा डाग, चिरलेली कड किंवा ढिले लोंबणारे हात दिसले तर मात्र फुकट दिला तरी नको. जाळीत पकडू देऊ नका, काटे अडकतात. पाण्याखालीच डब्यात घ्यायला सांगा. आणि हात धरून खडकातून ओढणं हा तर शुद्ध अडाणीपणा. धोका वाटला की हा प्राणी सांध्यातल्या ऊती स्वतःच मऊ करून हात सोडून देतो. तुमच्या बोटांत वळवळणारा तुकडा उरतो, प्राणी आतच. हलवायचाच असेल तर तो ज्या खडकाखाली आहे तो खडक उचला.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: पिशवी फोडून थेट टाकीत ओतणं. तारामाशांच्या या कुळाला अंगातल्या क्षाराचं प्रमाण सांभाळता येत नाही; बाहेर जी खारटी, तीच आत. म्हणून पिशवीतलं पाणी प्राण्यासकट डब्यात घ्या आणि हवेच्या नळीला गाठ मारून त्यात टाकीतलं पाणी थेंब-थेंब सोडा, दोन-तीन तास. कंटाळवाणं आहे, पण करा. पुढेही तेच भान ठेवा. दोन फुटी टाकीत खडक-वाळू वगळून जेमतेम 45 लिटर पाणी असतं. मे महिन्यात पंखा लावून गावाला गेलात आणि 2 लिटर उडालं, की 35ची क्षारता (हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार) साडेछत्तीसच्या वर जाते. परत आल्यावर ती सगळी तूट एका दमात आरओ पाण्याने भरून काढणं, ही दुसरी चूक.

माशांना पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालू नका. ब्रिटल स्टार त्यात तग धरत नाही, आणि खडकात मुरलेलं तांबं पुढेही सुटत राहतं. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवा.

'दिसतच नाही, मेला वाटतं' म्हणून खडक उपसू नका. तो दिवसा लपणारच. दिवे घालवून अर्ध्या तासाने मुगाएवढा कोळंबीचा तुकडा चिमट्याने कपारीशी धरा. घरी कालवणाला आणलेल्यातलीच एक चालते, फक्त मीठ-हळद लागायच्या आधी बाजूला काढायची. आधी हाताचं एक टोक हवेत चाचपडल्यासारखं बाहेर येतं, तुकड्याभोवती वेटोळं घालतं आणि माल आत ओढतं. आठवड्यातून दोनदा पुरे. लागोपाठ दोन-तीनदा कोणीच आलं नाही तर टॉर्च घेऊन शोधा. चकती विरघळायला लागलेली सापडली तर लगेच बाहेर काढा, नाहीतर एवढ्याशा पाण्यात अमोनिया चढायला वेळ लागत नाही.

टाकी 30-40 लिटरचीच असेल तर माझं मत विचाराल तर मोठा घेऊच नका. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीवांसकट टाकीत ठेवलेल्या सच्छिद्र खडकाच्या, भोकांतून केसासारखे पांढरट हात हलताना दिसतात ना? लोक त्यांना कीड समजून घाबरतात. बहुतेकदा ते अँफिफोलिस स्क्वामाटासारखे इवले ब्रिटल स्टार असतात, चकती मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी. पिल्लं अंगातच वाढवतात, त्यामुळे आपसूक वाढत राहतात, आणि उरलंसुरलं खरोखरच खातात.