छाटणीच्या काड्यांचा कोळसा करा, पण खड्ड्यात काय काय टाकताय ते आधी बघा

मंडळी, द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी उरकत आली की नाशिक काय, तासगाव काय, सोलापूर काय, बांधाला काड्यांचे ढीग लागतात आणि एखाद्या संध्याकाळी काडेपेटी ओढून मोकळं व्हायचं ही जुनी सवय. आता बायोचारचे, म्हणजे जमिनीत घालायच्या कोळशाचे, व्हिडिओ बघून बरेच जण खड्ड्यात कोळसा करायला लागलेत, चांगलंच आहे, पण काड्यांसोबत शेडचं कुजलेलं प्लाय, रंगवलेल्या दाराच्या फळ्या, टोमॅटोचे डांबर लावलेले बांबू, सापडेल ते सगळं त्याच खड्ड्यात जातंय आणि घोळ तिथे होतो.

आगीत बुरशी, जिवाणू, किडे मरतात. प्लायचा डिंक जळतो, पण आपल्या उघड्या खड्ड्यात त्याचा विषारी धूर आपल्याच नाकात जातो. धातूचं मात्र आग काही करू शकत नाही. लाकडाला पाजलेल्या वाळवीच्या औषधातलं तांबं, क्रोमियम, आर्सेनिक, जुन्या ऑइलपेंटमधलं शिसं, यातलं थोडंफार धुरातून उडतं, बाकी राखेत नाहीतर कोळशात बसतं. आणि चार किलो वाळल्या लाकडाचा साधारण एक किलो कोळसा होतो म्हणजे हिशोब करा, तीच घाण किती दाट झाली, आणि तीच आपण खत म्हणून वावरात घालणार.

म्हणून आधी निवडणी. वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेल्या खांबांना बऱ्याचदा हिरवट झाक असते, कापलेल्या टोकाला जास्त दिसते, पण उन्हापावसात रंग उडून जातो, त्यामुळे भंगारातून आणलेला खांब कुठला ते माहीत नसेल तर तो वाईटच धरा. अशा लाकडाची राख खारट लागते म्हणून जनावरं चाटतात आणि आर्सेनिकने दगावतात, तेव्हा गोठ्याच्या आसपास तर अजिबात जाळू नका. रंगाचंही तसंच. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, वाड्याच्या दाराखिडक्या त्याच्या कितीतरी आधीच्या. जर्मनीत २००३ पासून टाकाऊ लाकडाचे चार वर्ग ठरवून दिलेत, साधं लाकूड पहिल्यात आणि औषध पाजलेलं चौथ्यात. आपल्याला एवढं नको, दोन ढीग पुरे, खात्रीचं आणि बिनखात्रीचं. बिनखात्रीचं जाळायचं नाही, गुऱ्हाळाच्या चुलाणात नाही की पाणी तापवायच्या बंबात नाही, कोरड्यात ठेवून शेडमध्ये मांडणीला वापरा, फक्त चारा आणि धान्य त्यावर ठेवू नका.

पॅकहाऊसवाल्यांकडून पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, मिळतात त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का शोधा. एचटी लिहिलं असेल तर लाकूड ५६ अंशाला अर्धा तास तापवलेलं आहे, चालेल, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घेऊ नका. शिक्का बरोबर असला तरी औषधाचे किंवा तेलाचे डाग असतील तर तेही बाजूला काढा.

भुशाकडे कोणी बघतच नाही. सॉ मिलचा भुसा वेगळा आणि फर्निचरवाल्याकडचा फुकट मिळणारा पिठासारखा बारीक भुसा वेगळा, त्यात एमडीएफ (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेली फळी), प्लाय, पॉलिश सगळं आलं. तो कोंबड्यांखाली गादी म्हणून अंथरला की पुढे तेच कोंबडखत होऊन बागेत येतं. धिंगरी अळिंबी करणाऱ्यांनी तर हात लावू नये, अळिंबी धातू ओढून घेते.

आता रोगट लाकूड. डाळिंबाच्या तेल्या रोगाच्या फांद्या, मर लागलेली झाडं, खोडाला सुयांसारखी बारीक भोकं पडलेली लाकडं, द्राक्षाच्या सालीखालचा मिलीबग (पिठ्या ढेकूण), हे सगळं कोळशाला बिनधास्त चालतं, त्या उष्णतेत काही जगत नाही. फक्त बागेतून ओढत नेऊ नका, ताडपत्रीवर घालून उचलून न्या, आणि वाळेपर्यंत महिनाभर बागेच्या बांधाला पसरून ठेवू नका, रोगकिडीला फिरायला तेवढे दिवस भरपूर झाले.

काडी हाताने मोडली की कटकन तुटली पाहिजे, ओली असेल तर नुसता धूर. वरती रुंद खाली निमुळता, दोन-तीन फूट खोल खड्डा, भल्या सकाळी वारा सुटायच्या आत, आजूबाजूचं पाचट काढून. तळाशी विस्तव करा, थर लालबुंद होऊन वर पांढरी राख धरायला लागली की दुसरा थर टाका, ज्वाळ वरती सतत पाहिजे म्हणजे धूर तिथेच जळतो. शेवटी भरपूर पाणी, पाण्याची टंचाई असेल तर मातीने गच्च झाकून दोन दिवस सोडा. त्याच दिवशी गोणीत भरू नका, आत निखारा राहिला तर रात्री शेड पेटतं.

द्राक्षवाल्यांसाठी एक जास्तीचं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारून मारून काडीच्या सालीवर तांबं असतंच आणि ते कोळशात उतरतं. माती तपासणीत तांबं आधीच जास्त दाखवत असेल तर हा कोळसा दरवर्षी त्याच बागेत घालू नका, दुसऱ्या पिकाच्या वावरात पसरून टाका. कच्चा कोळसा सुरुवातीला नत्र धरून ठेवतो, म्हणून शेणस्लरीत नाहीतर कुजत्या शेणखतात दोन-तीन आठवडे मुरवायचा. आणि कोळसा अल्कधर्मी असतो, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानाचा सामू (पीएच) आधीच आठच्या वर, तिथे हात आखडता ठेवा, पहिल्या वर्षी दोन ओळींत टाकून बघा. कोकणातल्या आंबट लाल मातीत त्याचा फायदा जास्त दिसतो, तिथे काजू-आंब्याच्या आळ्यात पावसाच्या आधी घाला.