शेक टेबलवर मॉडेल ठेवायच्या आधी

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या फायनल इयरची पोरं बघा, आधी बिल्डिंगचं मॉडेल बनवतात, मग शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारख्या हलणाऱ्या टेबलवर, ठेवून गदागदा हलवतात, ते आडवं झालं की टाळ्या. याला टेस्ट नाही म्हणत, तमाशा म्हणतात. काय बघायचंय ते आधी ठरवा.

मी म्हणेन स्टिल्ट पार्किंग घ्या. घोडबंदर असो की नेरूळ, खाली नुसते कॉलम आणि वर भरगच्च भिंती, आणि २००१च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादला अशाच बिल्डिंगी खालच्या मजल्यावर बसल्या होत्या.

स्केल १:२५ सोयीचं पडतं, ३ मीटरचा मजला १२ सेंमी, स्टिल्ट प्लस फोर म्हणजे ६० सेंमी. आता खरी गोची इथे आहे, ग्रॅव्हिटी काही लहान होत नाही, त्यामुळे वेळ २५ पट नाही तर त्याच्या वर्गमुळाने म्हणजे ५ पट कमी करायचा. ३० सेकंदांचा रेकॉर्ड, म्हणजे खऱ्या भूकंपात जमीन कशी हलली त्याची नोंद, ६ सेकंदांत चालवायचा, बिल्डिंग २ हर्ट्झची असेल, म्हणजे स्वतःहून सेकंदाला २ वेळा डोलत असेल, तर मॉडेल १० हर्ट्झचं हवं. ते कॉलमची जाडी आणि स्लॅबवरचं वजन कमीजास्त करून जुळवा, वजनं बोल्टने आवळा, नुसती ठेवलीत तर उड्या मारतील.

स्लॅबला प्लाय, कॉलमला पातळ ॲल्युमिनियम पट्टी, रबाळे-महापेच्या एमआयडीसीत फॅब्रिकेटर कापून देईल. पट्टी वाकते त्याच दिशेने हलवायचं.

आधी वरचा मजला बोटाने किंचित ओढून सोडा, फोनमधल्या ॲक्सेलरोमीटर ॲपवर फ्रिक्वेन्सी मिळते. पण फोनचं पण वजन असतं हां, २०० ग्रॅम छोट्या मॉडेलला भरपूर झालं, तो हिशोबात धरा आणि शेवटपर्यंत तिथेच राहू द्या.

मग टेबल. ५ हर्ट्झला मधल्या जागेपासून दोन्हीकडे १ मिमी हलवलं तर साधारण ०.१ जी (म्हणजे ग्रॅव्हिटीच्या त्वरणाचा दहावा हिस्सा), १० हर्ट्झला त्याच १ मिमीत ०.४ जी, म्हणून हळूहळू वाढवा. रेकॉर्ड सगळे कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोच्या भूकंपाचा १९४० वालाच लावतात, आपला कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा पण लावून बघा की.

एकदा सगळ्या मजल्यांना भिंती म्हणून पॅनल लावून, एकदा फक्त खालचे काढून, बाकी काही बदलायचं नाही. स्लॅबच्या कडेला पांढरे ठिपके द्या, स्लो मोशनमधे कुठला मजला किती सरकतो ते दिसतं. प्रत्येक रननंतर परत बोटाने ओढून सोडा, फ्रिक्वेन्सी उतरली तर कुठेतरी बोल्ट ढिला झालाय किंवा पट्टी वाकलीय, ते शोधल्याशिवाय पुढचा रन घेऊ नका.