इंदूरला नवीन आलात? भिंतीवर दोन कॅलेंडरं लावा

महाराष्ट्रातून इंदूरला बदली होऊन किंवा मुलांच्या नोकरीमुळे आलेल्या घराला पहिल्या वर्षी भाषेचा त्रास होत नाही, पाण्याचाही नाही. घोळ होतो तो सणांच्या तिथ्यांत. म्हणून सामान लागलं की पहिलं काम हे करा: आपलं मराठी कॅलेंडर आणि इथलं हिंदी पंचांग शेजारी शेजारी टांगा.

आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्ष आला की इथल्या पंचांगात पुढच्या महिन्याचं नाव लागतं. सण बहुतेक त्याच दिवशी येतात, गोकुळाष्टमी किंवा दिवाळी काही बदलत नाही. बदलतो तो महिन्याचा हिशेब. २०२४ साली इथला सावन २२ जुलैला सुरू झाला आणि आपला श्रावण ५ ऑगस्टला. शेजारणीचे सोमवार सुरू झाले म्हणून आपणही धरले, की महिनाभराच्या उपवासाचे दीड महिने होतात. सावन राखीला संपतो, आपला श्रावण पिठोरीपर्यंत चालतो. मंगळागौर आपल्याच श्रावणातल्या मंगळवारी करायची; गुरुजींना तारीख सांगून बोलवा, नुसतं 'श्रावणातला दुसरा मंगळवार' म्हणू नका.

वटपौर्णिमेलाही तेच. इथल्या बहुतेक बायका वटसावित्री ज्येष्ठ अमावास्येला करतात, म्हणजे आपल्या वैशाख अमावास्येला. आपली पूजा त्यानंतर पंधरा दिवसांनी. आंबे, सूत आणि बाकीच्या सामानाची बाजारात गर्दी दिसली म्हणून घाई करू नका.

सगळ्यांत जपायची गोष्ट श्राद्धाची. वडिलांची तिथी 'कार्तिक वद्य पंचमी' असेल आणि तुम्ही इथल्या पंडितजींना तेवढंच सांगितलंत, तर ते आपल्या आश्विन वद्य पंचमीला, एक महिना आधीच तयारी करतील. तिथीबरोबर निधनाची इंग्रजी तारीख आणि साल लिहून द्या आणि पंचांग मराठी आहे हे स्पष्ट सांगा. संकष्टीचा दिवस एकच असतो, पण चंद्रोदय मुंबई-पुण्याच्या वेळेने धरू नका. इंदूर पूर्वेला असल्याने चंद्र इथे काही मिनिटं आधी दिसतो.

या दोन हिशेबांची उत्तम सांगड उज्जैनला बघायला मिळते. महाकालाची सवारी सावनातल्या सोमवारी निघते आणि सावन संपल्यावरही भादोंच्या, म्हणजे इथल्या भाद्रपदाच्या, पहिल्या पंधरवड्यातल्या सोमवारी निघतच राहते, म्हणजे आपला श्रावण पुरा होईपर्यंत. उज्जैन इंदूरहून ५५ किलोमीटर. सवारी बघायची तर सोमवारी दुपारी तीनच्या आत पोचून गाडी गावाबाहेर ठेवा. पालखी चारच्या सुमारास निघून क्षिप्रेच्या रामघाटावर जाते. घरात म्हातारी माणसं असतील तर दर्शन आणि सवारी एकाच दिवशी करू नका. दर्शनाला मंगळवार ते शुक्रवारातला दिवस बरा. पहाटेच्या भस्मारतीला आधी नोंदणी लागते, गाभाऱ्याजवळ जायला पुरुषांना सोवळं किंवा धोतर आणि बायकांना साडी. मध्यरात्रीनंतर रांगेत उभं राहावं लागतं, लहान मुलांना नेऊ नका.

गणपतीत घरचं सगळं तसंच करता येतं. अडतं ते मोदकांपाशी. दुकानातली साधी तांदळाची पिठी बहुतेक कोरडी दळलेली आणि जाडसर असते, तिच्या पाऱ्या कडेने चिरतात. तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून, चक्कीवर अगदी बारीक दळून घ्या. चक्कीवाल्याला आधी दुसऱ्या कुणाचा तरी तांदूळ दळून मग आपला घालायला सांगा, नाहीतर गव्हाचं पीठ मिसळतं. एक वाटी पिठीला सव्वा वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. एकवीस मोदकांना अडीच वाटी पिठी पुरते. नारळ इथे लांबून येतो, हलवून पाणी वाजलं तरच घ्या. दोन वाट्या नारळाच्या चवाला एक वाटी गूळ.

अनंत चतुर्दशीचं विसर्जन मात्र दुपारी चारपर्यंत उरकून टाका. महापालिका ठिकठिकाणी मूर्ती संकलनाची सोय करते. संध्याकाळनंतर शहर गिरण्यांच्या झाँक्यांचं, म्हणजे चित्ररथांचं असतं. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापडगिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण त्यांच्या कामगारांनी रोषणाईच्या झाँक्या काढणं सोडलेलं नाही. ज्या माणसांची पगाराची गिरणी गेली त्यांनी हा उत्सव टिकवला, म्हणून पहिल्याच वर्षी रात्र जागून बघा. जेवून दहाच्या सुमारास जेल रोड किंवा राजवाड्याच्या बाजूला पायी पोचा. मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, आखाडेही असतात. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी असू द्या.

पितृपंधरवड्यात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, रोज नवी आकृती, फुलांनी सजवलेली, आणि शेवटच्या दिवशी किलाकोट. आपला भोंडला त्यानंतर नवरात्रात. मुलीला संजेला पाठवा आणि तिच्या मैत्रिणींना भोंडल्याला बोलवा, खिरापत ओळखायला त्यांना फार आवडतं.

रंगपंचमी इथे धुळवडीपेक्षा मोठी. टोरी कॉर्नर आणि आसपासच्या भागांतून गेर, म्हणजे रंगांच्या मिरवणुका निघतात आणि राजवाड्यावर येतात. टँकरमधून रंगीत पाणी, यंत्रांनी उंच उडवलेला गुलाल. सकाळी साडेनऊपर्यंत पोचा, गाडी घरी ठेवा. अंगाला आणि केसांना खोबरेल तेल, डोळ्यांना साधा गॉगल, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. जमिनीवरची गर्दी पाच-सहा वर्षांच्या मुलाला झेपत नाही; ओळखीच्या घराची गच्ची मिळाली तर तिथून दाखवा. दमा असलेल्यांनी गेरीत शिरूच नये, गुलालाची धूळ तासन् तास हवेत राहते.

सराफ्यात सोन्याची दुकानं मिटल्यावर, रात्री नऊनंतर खाण्याच्या गाड्या लागतात. शनिवार टाळा. भुट्टे का कीस, थंडीत तळलेला गराडू (एक कंद), दहीवडा. साबुदाण्याची खिचडी इथे वाफवलेली आणि वरून मसाला पेरलेली मिळते. त्या मसाल्यात, म्हणजे जिरावणात, धने-हळद असते, तेव्हा तुमच्या घरी उपवासाला ते चालत नसेल तर मसाला घालू नका असं आधीच सांगा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना छप्पन दुकान ही खाऊगल्ली सोयीची, तिथे वाहनं येत नाहीत आणि बसायला जागा आहे.

सहलींचा क्रम ऋतूवर ठरवा. मांडू पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. जहाज महालाचे तलाव तेव्हाच भरलेले असतात. महेश्वर दिवाळीनंतर. पावसात नर्मदा गढूळ आणि चढलेली असते, नावा बंद ठेवतात. दोन्ही गावं शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहेत, पण एका दिवसात दोन्ही करू नका, कुठलंच धड बघून होत नाही. महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट पाहायला दुपार टाळून सकाळी लवकर किंवा चारनंतर उतरा. दगडी पायऱ्या फार तापतात. पाताळपाणीचा धबधबा कठड्यामागूनच बघायचा. वर कुठे पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा एकदम येतो आणि २०११ मध्ये तिथे माणसं वाहून गेली आहेत. डोहात उतरणाऱ्या मुलांच्या मागे जाऊ नका.

मराठी नाटकासाठी पुण्याची वाट धरायची गरज नाही. इथल्या 'सानंद' या मराठी संस्थेचं सभासदत्व वर्षाचं असतं आणि प्रेक्षकांचे गट ठरलेले असतात, म्हणून वर्ष सुरू होण्याआधीच चौकशी करा. राजेंद्रनगर, रामबाग, लोकमान्यनगर या भागांत घर घेतलंत तर गुरुजी, पत्री, गुढीची गाठी हे सगळं शेजारीच विचारून कळतं. शहराच्या नव्या बाजूला राहत असाल तर सणाच्या चार दिवस आधी राजवाड्याची एक फेरी ठेवा.